माउंट करणे : आरोहण, जोडणे की चढवणे?

नाशिकरोडच्या एका मॅडमनी विचारलंय, त्या डिप्लोमाच्या मुलांसाठी लिनक्सच्या नोट्स मराठीत करतायत तर डिस्क 'माउंट करणे' (डिस्कवरच्या फाइली एखाद्या फोल्डरमधून उघडता येतील असं करणे) याला काय लिहायचं, एका ठिकाणी त्यांना आरोहण सापडलं आणि कुणी सांगितलं सरळ जोडणे लिहा.

मॅडम, आरोहण नकोच. आरोहण म्हणजे स्वतः चढणं, गिर्यारोहण म्हणतो ना तसं. पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) आपणहून चढत नाही, त्याला कुणीतरी चढवावं लागतं. मोठ्या कॉम्प्युटरच्या काळात ऑपरेटर टेपचं रीळ किंवा डिस्कचा गठ्ठा हाताने उचलून ड्राइव्हवर चढवायचा, त्यालाच माउंट करणं म्हणायचे.

जोडणे सोपं वाटतं पण शिकवताना तेच घात करतं. पेनड्राइव्ह यूएसबीत खुपसला की तो जोडलाच की, कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) दिसतोही, 'एलएसबीएलके' कमांड दिली तर यादीत नाव येतं पण माउंट पॉइंटचा (कुठल्या फोल्डरवर माउंट झालंय त्याचा) रकाना रिकामा. म्हणजे जोडलाय पण माउंट नाही, आता हे मुलांना कसं सांगणार जर दोन्हीला एकच शब्द असेल? मशीन सुरू होताना तर अजूनच घोळ. फर्मवेअर (मशीनमधला मूळचा प्रोग्राम) ग्रबला (कर्नल चालू करून देणाऱ्या प्रोग्रामला) उठवतं, ग्रब कर्नल आणि इनिटरॅमएफएस (सुरुवातीपुरती लागणारी छोटी फाइल सिस्टम) मेमरीत आणतं, मग रूटचं (सगळ्या फोल्डरांच्या मुळाचं) पार्टिशन माउंट होतं (बऱ्याचदा आधी फक्त वाचण्यापुरतं), मग सिस्टमडी (बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) वगैरे सुरू होऊन एफस्टॅब फाइल (काय कुठे माउंट करायचं याची यादी) वाचून होमसारखी (युजरच्या फाइलींची) बाकीची पार्टिशन्स माउंट होतात. यात रूट माउंट करता आलं नाही तर मशीन तिथेच अडतं, कधी इनिटरॅमएफएसच्या शेलमध्ये (कमांड देण्याच्या जागी), कधी कर्नल पॅनिक होऊन (चूक सावरता न आल्याने) थांबतो. तिथे 'रूट जोडता आलं नाही' लिहिलंत तर मुलं केबल तपासत बसतील, आणि केबल ठीकच असते, कधी ग्रबमधला यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) जुना राहिलेला असतो, कधी इनिटरॅमएफएसमध्ये त्या डिस्कचा ड्रायव्हरच नसतो.

म्हणून माझं मत चढवणे. आपल्याकडे दिंडोरी-निफाडला द्राक्षाचा वेल मांडवावर चढवतात, म्हणजे मुलांच्या कानाला हे क्रियापद नवं नाही. आणि एक गोष्ट तर फक्त याच शब्दात बसते : ज्या फोल्डरवर पार्टिशन चढवलं त्यात आधी काही फाइली असतील तर त्या झाकल्या जातात, पुसल्या जात नाहीत, वरचं काढलं की पुन्हा दिसतात. होम वेगळ्या पार्टिशनवर हलवल्यावर जुन्या फाइली तशाच खाली राहून जागा खातात आणि जागा गेली कुठे ते कळत नाही, हे होतं ते यामुळेच. 'जोडलं' म्हटल्यावर खाली काही दबलंय असं मनात येईल का?

उलट क्रियेला उतरवणे, जोडी आयती मिळाली. पेनड्राइव्ह न उतरवता ओढून काढू नये कारण लिहायचा डेटा काही वेळ मेमरीतच थांबलेला असतो, उतरवताना तो डिस्कवर जातो. मात्र कमांडचं स्पेलिंग 'यूमाउंट' आहे, यूच्या पुढे एन नाही, तेवढं मुलांना बजावा.

माउंट पॉइंटला 'चढवायची जागा' चालेल. रूट मात्र रूटच ठेवा, कारण रूट नावाचा युजरही आहे आणि त्याचं रूट नावाचंच वेगळं फोल्डर असतं, तिथे मूळ लिहिलंत तर तिन्हींची सरमिसळ होईल.