लेकीला सोलापुरात ठेवू का?

«मावशी, नमस्कार. माझं सासर-माहेर दोन्ही सोलापूरचंच. सहा वर्षं झाली, आम्ही मलावीत राहतो. नवरा डॉक्टर आहे, तिथल्या एका मिशनच्या दवाखान्यात लहान मुलांचा वॉर्ड बघतो. पगार इथल्यापेक्षा कमी, काम दुप्पट. मी नर्स, पण तिकडची नोंदणी केलेली नाही म्हणून घरीच. लेक दहा वर्षांची, धाकटा सहाचा. सासूबाई म्हणतात, नातीला पाचवीपासून आमच्याकडे ठेवा, तिकडे ना धड शाळा, ना धड भाषा, वर मलेरिया. नवराही आता तयार झालाय. म्हणतो, आपण कोटणीसांच्या गावचे, सेवा म्हटलं की थोडं सोसावं लागतंच. मागच्या महिन्यात लेकीनं फोनवर आजीला ‹अगोगो› अशी हाक मारली आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलली. सासूबाई फोन ठेवून रडल्या, असं नणंदेनं कळवलं. सोलापुरात एका शाळेत जागासुद्धा धरून ठेवलीये. हो म्हणू की नको? नको म्हटलं तर स्वार्थी मीच ठरणार. — दोन्हीकडची»

नको म्हण.

एरवी मी इतक्या लवकर निकाल देत नाही. आधी दोन्ही बाजू ऐकते, मग घुटमळते. पण तुझं पत्र वाचलं आणि मला थेट १९७१ सालातलं आमचं घर दिसलं. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वडील शिक्षक. त्या काळी इथिओपियाच्या शाळांत शिकवायला भारतातून बरेच शिक्षक जायचे, त्यांतलेच एक. आई आणि धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर गेले आणि मला आजीकडे ठेवलं. कारणं हीच, शाळा बुडेल आणि तिकडचं पाणी मानवणार नाही. आजीनं काही कमी केलं नाही. दुधावरची साय माझी आणि शेंगदाण्याच्या पोळीचा पहिला घासही माझाच. निळ्या एअरोग्रामवर आईचं बारीक अक्षरातलं पत्र यायचं, दोन-तीन आठवड्यांपूर्वीचं. मी ते वाचायचे आणि उत्तरात लिहायचे, ‹मी मजेत आहे.›

१९७४ मध्ये तिकडे क्रांती झाली, राजाला खाली खेचलं आणि आमची माणसं परत आली. आई दारात रिक्षातून उतरली. मी आजीच्या पाठीमागे. आजीनं मला पुढं ढकललं तेव्हा मी आईला विचारलं, ‹तुम्ही चहा घेणार का?›

तुम्ही! आईला! काकूला, शेजारणीला म्हणतात तसं. आई काही बोलली नाही, पिशवी ओट्यावर ठेवून न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पुन्हा ‹तू› तोंडात यायला मला बारा-तेरा वर्षं लागली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा. त्यामुळे माझ्या सल्ल्याचं वजन करताना हे लक्षात ठेव, मी तटस्थ नाही.

आता तुझ्या नवऱ्याचं बघू. माणूस चांगला दिसतो. कमी पगारात परक्या लेकरांचा वॉर्ड सांभाळणारा माणूस वाईट कसा असेल? पण ‹सेवा› हा शब्द घरात हुकमाच्या एक्क्यासारखा वापरायचा नसतो. तो पडला की समोरच्याला पानच उरत नाही. सेवा त्यानं निवडली, तुझ्याशी बोलून निवडली असेल. दहा वर्षांच्या पोरीला कुणी विचारलं होतं? नैवेद्य बापानं दाखवायचा आणि उपास लेकीनं धरायचा, हा कुठला न्याय?

आणि त्यानं कोटणीसांचं नाव काढलंच आहे तर ती गोष्ट पुरी सांग त्याला. १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात आपल्या सोलापुरात जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस. बाकीचे यथावकाश परतले, हे तिकडेच राहिले. १९४१ मध्ये गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं इन्हुआ. इन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. दोन्ही देश पोराच्या नावातच बसवले. आणि ९ डिसेंबर १९४२ ला कोटणीस गेले, वय बत्तीस. पोर तेव्हा चार महिन्यांचंसुद्धा नव्हतं. मागे त्याला वाढवलं ते गुओबाईंनी. त्या पुढं भारतात येऊन कोटणीसांच्या घरच्यांना भेटून गेल्या, २०१२ पर्यंत होत्या. भैय्या चौकातल्या स्मारकावरून रोज हजारो माणसं जातात. त्यांतल्या किती जणांना या बाईचं नाव ठाऊक असेल? कोटणीसांचं मोठेपण मी तिळभरही कमी करत नाही. पण त्यांचा दाखला देणाऱ्यानं हेही बघावं, की त्यांनी मूल लांब धाडून सेवा केली नव्हती. ज्या मुलखात सेवा केली तिथेच संसार मांडला.

सासूबाईंच्या तिन्ही तक्रारींना मात्र उडवून लावू नकोस. त्या काळजीनंच बोलतात.

मलेरियाचं तुला मी काय सांगणार, तू नर्स आहेस. त्यांना एवढं सांग, की मलेरियाच्या लसीची लहान मुलांच्या लसीकरणात सुरुवात झाली ती २०१९ साली मलावीतच. म्हणजे ज्या देशाला त्या रोगराईचं घर म्हणतात, तिथली माणसं त्या रोगाशी आपल्यापेक्षा जास्त नेटानं भांडतायत. उलट सुट्टीवर सोलापूरला आल्यावर पोरांना ताप आला, तर ‹आम्ही मलावीतून आलोय› हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं, हे सासूबाईंना पाठ करून ठेवायला सांग. नाहीतर इथे डेंगी-टायफॉइडच्या तपासण्यांत दोन दिवस जातील, आणि तिकडच्या मलेरियाला दोन दिवस द्यायचे नसतात.

शाळेचं फार ताणत नाही. पाचवीत काही बुडत नाही. नववी-दहावीत आयत्या वेळी आणलं तर बुडतं. म्हणून आत्ताच दोघांनी बसून कॅलेंडर काढा. लेकीची सातवी संपेल त्या वर्षी काय ते ठरवायचं: सगळे परत, नाहीतर सगळे पुढं. मधलं अर्धवट काही नाही. ‹बघू, दवाखान्याला माणूस मिळाला की येऊ› हे उत्तर चालवून घेऊ नकोस. दवाखान्याला माणूस कधीच मिळत नसतो.

आता भाषा. ‹अगोगो› वरून एवढं रडायचं कारण नव्हतं, पण कुणी अर्थ सांगितला नसेल तर ते हुंदके समजू शकते. चिचेवात, म्हणजे मलावीतल्या बोलीभाषेत, आजीला आणि आजोबांनाही अगोगो म्हणतात, आणि त्यातला सुरुवातीचा ‹अ› आदराचा असतो, आपण नावापुढं ‹राव› लावतो ना, तसा. म्हणजे तुझ्या लेकीनं आजीला ‹ए आजी› पेक्षा चार पायऱ्या वर बसवलं होतं! हे सासूबाईंना तू नको सांगूस, लेकीलाच सांगायला लाव. मोडक्या मराठीत सांगू दे.

मोडक्या मराठीची लाज सोलापूरकरांनी तरी वाटून घेऊ नये. ‹काय करलालीस गं?› हे आपलं मराठी ऐकून पुण्याची माणसं हसतात, आपण कधी बदललं का? मी वाढले ते पूर्व भागाच्या कडेला. माझी मैत्रीण पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या घरातली. तिच्या घरात आई, काकू, आजी सुपं मांडीवर घेऊन विड्या वळत बसायच्या. तेंदूपान कापायचं, तंबाखू भरायचा, बोटानं टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा, आणि तोंडानं तेलुगू चालू. मी कट्टे मोजायला बसायचे: ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. बाहेर दुकानात तीच माणसं मराठी बोलत, शेजारी कानडी आणि गल्लीच्या टोकाला दखनी. तेलंगणातून हातमागासाठी आलेल्या या घरांना इथे शंभराहून जास्त वर्षं झाली, नातू-पणतू सोलापुरी झाले, पण चुलीपाशी तेलुगूच. का टिकली? मुलांना रविवारी क्लासला बसवलं म्हणून नाही. तेलुगूला त्या घरात काम होतं, हात चालू असताना ती बोलली जायची.

तुझ्या घरात मराठीला काय काम आहे, ते बघ. तू लिहिलं नाहीस, पण मला वाटतं, नवरा-बायको तुम्ही एकमेकांशी मराठी बोलता आणि मुलांशी इंग्रजी, त्यांना ‹सोपं जावं› म्हणून. मग मराठी म्हणजे आई-बाबांची भांडणाची आणि पैशाची भाषा झाली. तसं असेल तर ते आधी थांबव. एखादं काम पूर्ण मराठीचं करून टाक, स्वयंपाक म्हण किंवा अंघोळी म्हण. वाचायला बालभारतीची पुस्तकं आणि ‹किशोर› चे जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. रोज पान-दीड पान, त्याहून जास्त नको. कधी परत आलात तर महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं दहावीपर्यंत कुठल्याही बोर्डाच्या शाळेत मराठी आहेच. तेव्हा अक्षरओळख असली म्हणजे झालं. चिचेवा मात्र तोडू नकोस. ज्या मैत्रिणींबरोबर ती खेळते त्यांची ती भाषा आहे. घरात फक्त इंग्रजी बोलणाऱ्या परदेशी डॉक्टरची पोरगी होऊन ती तिथे राहिली, तर दोन्ही गावांना परकी होईल.

तुझ्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, ‹म्हणून घरीच›. ती ओळ मी तीनदा वाचली. सहा वर्षं, आणि तुझा हात रिकामा. जिथे नर्स कमी पडतात तिथे एक नर्स दवाखान्याच्या आवारात बसून आहे, ही काय सेवा झाली? तिथल्या नर्सिंग कौन्सिलकडे अर्ज कर, लागतील ती कागदपत्रं इथून मागव, आणि महाराष्ट्राची नोंदणीही जिवंत ठेव. वेळ लागेल, लागू दे. मला तर शंका येते, की लेकीला सोलापूरला धाडायच्या बोलण्यानं तू इतकी हादरलीस त्याचं हे एक कारण आहे: दिवसभर तुझ्यापाशी ती दोन पोरंच आहेत, त्यांतलं एक निघून चाललंय. राग मानू नकोस. हे खरं असलं तरी माझा सल्ला बदलत नाही.

नवऱ्याशी बोलताना लेक शेजारच्या खोलीत झोपलेली नको, समोर बसलेली हवी. तिला विचारा. दहाव्या वर्षी पोरीला पुष्कळ कळतं. फक्त ‹तुला आजीकडे राहायचंय का?› असं विचारू नका, ती तुमचे चेहरे बघून उत्तर देईल. मीही दिलं होतं, हसत. त्यापेक्षा विचारा, तिकडे गेल्यावर तुला कशाकशाची आठवण येईल, इथे कशाचा कंटाळा येतो. ती बोलायला लागली की मध्ये तोंड घालू नका. तिचं ऐकून शेवटी ठरवायचं तुम्हीच, तो भार तिच्या डोक्यावर द्यायचा नाही.

आणि सासूबाई. मला वाटतं, शाळा हे निमित्त आहे, त्यांना नात हवी आहे. मोठं घर, दोन म्हातारी माणसं, संध्याकाळ सरत नाही. यात लपवण्यासारखं काय आहे? त्यांना ठाम नकार दे, पण त्याच फोनवर तिकिटाची तारीखही दे. अन् कृपा करून मे महिन्यात येऊ नका. त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या उन्हात पोरं दिवसभर कुलरपुढं पडून असतात आणि सोलापूर म्हणजे कुलरचा खडखड एवढंच घेऊन परत जातात. जानेवारीत या, शाळेची थोडी बुडवणूक झाली तरी. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा असते. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं नंदीध्वज पेलत निघतात, अक्षता पडतात आणि ‹हर्र बोला हर्र› चा गजर होतो. होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते, पाळणे असतात. धाकट्याला आजोबांच्या खांद्यावर बसून ते बघू दे. ‹आपलं गाव› म्हणून काही दाखवायचं असेल तर ते हे.

तोपर्यंत फोन. मलावी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. तुमच्याकडे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा इथे साडेआठ, सासूबाईंची भाकरीची वेळ. भाकरीची ज्वारी तिकडेही पिकते, ‹मापिरा› म्हणतात तिला. मूळची ती आफ्रिकेतलीच, आपल्याकडे खूप मागाहून आली. मंगळवेढ्याच्या मालदांडीची सर येणार नाही, पण पीठ आणून ठेव. रविवारी इथल्या साडेआठला फोन लाव आणि आजीला सांग, नातीला भाकरी थापायला शिकवा. किती आधणाचं पाणी, किती मळायचं, कडेनं चिरा पडल्या तर काय करायचं, हे सगळं मराठीतच सांगावं लागेल त्यांना. पहिल्या चार-पाच भाकऱ्या नकाशासारख्या होतील. तव्यावर मंद आचेवर ठेवून कडक करा आणि शेंगाचटणीबरोबर खाऊन टाका. फक्त एक कर, फोन आजीच्या तोंडासमोर धरायला लावू नकोस, सारखं ‹दिसतेय का मी?› चालू होतं. परातीकडे वळवून डब्याला टेकवून ठेवायला सांग.