देवही सोडू नकोस, प्रश्नही सोडू नकोस

प्रिय बेटा,

पंथाच्या सभेत तुम्ही बायकांनी पडद्याआड बसायचं, निर्णय पुरुषांनी घ्यायचे आणि ते तुम्हाला संध्याकाळी घरी कळायचे. आता तुझ्या एमएस्सीचाही निर्णय तसाच झाला. ‘पोरीले इतकं शिकवून काय करून राहिले?’ असं वडीलधारे म्हणाले आणि बाबा मान खाली घालून परतले. श्रद्धा सोडू की शिक्षण, असं तू विचारतेस.

दोन्हींतलं एकच मिळेल, हे त्यांनी ठरवलंय. घाबरलेली मुलगी अशा वेळी घर निवडते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. ही निवडच तू मान्य करू नकोस.

महानुभाव पंथाचं रिद्धपूर आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं. तेराव्या शतकात त्या पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामींनी बायकांना संन्यासाची वाट मोकळी केली. नाकाला शेंबूड येतो तशीच पाळी, त्यात विटाळ कसला, असं त्यांनी सांगितल्याचं त्यांच्या आठवणींच्या ग्रंथात, लीळाचरित्रात, आहे. त्यांची शिष्या महदाइसा त्यांना सतत प्रश्न विचारायची आणि त्यांना त्याचं कौतुक होतं. तिचे धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, मराठीतल्या स्त्रीकाव्याची सुरुवात मानले जातात. पुढे पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी ग्रंथ संस्कृतात लिहू नका असं सांगितलं, का, तर आपल्या म्हाताऱ्या त्याला मुकतील! हे सगळं पुढेही तसंच टिकलं, असा माझा दावा नाही. पण प्रश्न विचारणारी बाई देवापासून दूर जाते, असं कुणी म्हणालं तर महदाइसा आठव.

आणि तुझ्याच नागपुरात, जुलै 1942 मध्ये, दलित महिलांची परिषद भरली होती. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावं, असे ठराव तिथे बायकांनी केले. समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असं बाबासाहेब तिथेच म्हणाले.

आईवर मात्र चिडू नकोस. नियम सगळ्यांत कडकपणे तीच पाळायला लावते, हे मला दिसतं. पण तिला आयुष्यभर मान मिळाला तो आज्ञाधारकपणाचाच. दुसरं काही तिच्या हाती कुणी दिलंच नाही. तू शिकलीस तर तिचा तो मानही जाईल, ही तिची खरी भीती आहे. तिच्याशी वाद घालू नकोस, एकटी असताना तिला तिच्या शाळेबद्दल विचार. ती बोलेल, असं मला वाटतं.

आता कामाचं. तू सज्ञान आहेस, प्रवेश घ्यायला पंथाच्या परवानगीची गरज नाही. मूळ गुणपत्रिका आणि आधार कार्ड स्वतःजवळ ठेव, बँकेत फक्त तुझ्या नावाचं खातं उघड. वाळीत टाकायची धमकी आली तर ती तारखेनिशी लिहून ठेव. महाराष्ट्रात 2017 पासून सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा लागू आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बाबांना हे सांग, त्यांनाही आधार हवा आहे. वकिलाच्या पैशांची काळजी नको. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो.

तिथे एकटी जाऊ नकोस. वार ठरव, मी येते.

तुझी,
मावशी