वाचक विचारतात : निळा पट्टा किती रुंद?

प्रश्न : एका संग्रहालयात ‘मॉर्फो हेलेनॉर’ या नावाखाली चार फुलपाखरं शेजारी शेजारी टाचलेली पाहिली. एकाचे पंख जवळजवळ पूर्ण निळे, तर दुसऱ्याचे काळे आणि मधून फक्त निळा पट्टा. ही एकच जात कशी? आणि हेच फुलपाखरू काही पुस्तकांत ‘मॉर्फो पेलिडिस’ का म्हटलं जातं?

उत्तर : चारही हेलेनॉरच. ही जात मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत पसरलेली आहे. एवढ्या मोठ्या मुलखात एकच रूप टिकणं अवघड, म्हणून तिच्या कितीतरी पोटजाती झाल्या. मध्य अमेरिकेत बहुतेक ठिकाणी निळा रंग पंखभर पसरतो, काळी राहते ती फक्त कड. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, सुरिनाम, फ्रेंच गयानाच्या बाजूला गेलात की पंखाचं बूडही काळं, कडही काळी आणि मधोमध निळा पट्टा. तुम्ही पाहिलेलं दुसरं फुलपाखरू बहुधा तिकडचं.

फ्रेंच गयानात आणखी एक गंमत आहे. तिथे ‘अकिलीस’ नावाची वेगळीच मॉर्फो जात राहते आणि तिच्याही पंखांवर अगदी असाच पट्टा असतो. ही फुलपाखरं झोकांड्या खात उडतात, पक्ष्यांच्या सहसा हाती लागत नाहीत. असा पट्टा दिसला की पाठलाग फुकट, हे पक्षी एकदा शिकले की फायदा दोघांचाही. दोन्ही जाती सारख्या दिसण्यामागे हेच कारण असावं, असं अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटतं. यांच्यातला फरक ओळखायला पंखांची खालची बाजू बघावी लागते.

खालची बाजू तशीही बघाच. तिथे निळ्याचा मागमूस नसतो. तपकिरी रंग आणि त्यावर डोळ्यांसारखे ठिपके. वरचा निळाही रंगद्रव्याचा नाही. खवल्यांवर अतिसूक्ष्म कंगोरे असतात, त्यांच्या थरांमधून परतणाऱ्या प्रकाशात निळाच उजळून दिसतो आणि खालचं काळं द्रव्य बाकीचा प्रकाश शोषून घेतं. अशा पंखावर अल्कोहोलचा थेंब टाकला तर तेवढा भाग हिरवा होतो, कारण थरांमधल्या हवेच्या जागी द्रव शिरतो. थेंब उडून गेला की निळा परत येतो! रंगद्रव्य असतं तर हे झालंच नसतं.

आता नावाबद्दल. क्रामर या कीटक-अभ्यासकाने 1776 मध्ये हेलेनॉरचं वर्णन केलं. पुढे कोलार या दुसऱ्या अभ्यासकाने 1850 मध्ये पेलिडिस ही वेगळी जात म्हणून मांडली. आज बरेच तज्ज्ञ पेलिडिसला हेलेनॉरचीच पोटजात धरतात, काही अजून वेगळी मानतात. त्यामुळे दोन्ही नावं चालू आहेत आणि तुमच्या पुस्तकाला लगेच चूक म्हणू नका.

नावापेक्षा मला चिठ्ठीवरचं ठिकाण महत्त्वाचं वाटतं. नुसतं ‘निळा मॉर्फो, दक्षिण अमेरिका’ लिहिलेल्या फ्रेमा बघून फार वाईट वाटतं. कुठल्या नदीकाठचा, डोंगराच्या कुठल्या उताराचा, हे लिहिलं नसेल तर पोटजातीच्या अभ्यासाला तो नमुना जवळजवळ निरुपयोगी. पुढच्या वेळी संग्रहालयात गेलात की ठिकाण आधी वाचा, मग नर की मादी ते बघा : मादीच्या पंखांची काळी कड जास्त रुंद असते आणि त्या कडेतले पांढरे ठिपकेही अधिक ठळक.