लूमचं जुनं मॅन्युअल व्हेंचुरामध्ये का केलं असेल, आणि त्या फाइली आता उघडायच्या कशा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यात टेरी टॉवेलच्या लूमचं 180 पानी इंग्रजी मॅन्युअल फ्लॉप्यांवर सापडलं. फाइलींच्या नावापुढे सीएचपी, एसटीवाय, सीएपी असं काहीतरी आहे. सगळीकडे पानं लावायला पेजमेकर हे सॉफ्टवेअर चालायचं, मग हे दुसरंच काय? आणि त्यातून मजकूर बाहेर कसा काढायचा?

हे व्हेंचुरा पब्लिशर, तेही पानं लावायचंच सॉफ्टवेअर. 1986 साली आलं, डॉसवर जेम नावाच्या खिडक्यांच्या प्रणालीत चालायचं आणि झेरॉक्स कंपनी ते विकायची. ज्यानं ते मॅन्युअल व्हेंचुरामध्ये लावलं, त्याला कामाची जाण होती असं मी म्हणेन.

पेजमेकर त्याच्या वर्षभर आधीचं, 1985 चं. त्याच वर्षी ॲपलचा लेझररायटर प्रिंटर आला: इंचाला 300 ठिपके, आत पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी भाषा, किंमत जवळपास 7000 डॉलर. डीटीपीचा, म्हणजे संगणकावर पानं लावण्याचा, धंदा या जोडीवर उभा राहिला. पण पेजमेकरची कल्पना पेस्टअपच्या टेबलाची होती. पान समोर, त्यावर मजकुराचे तुकडे आणि चित्रं आणून चिकटवायची. लग्नपत्रिका, हँडबिल, गड्ड्याच्या यात्रेतल्या स्टॉलची जाहिरात, याला त्यासारखं दुसरं नाही. सोलापुरात डीटीपी म्हणजे पेजमेकर हे समीकरण बसलं ते उगाच नाही.

मॅन्युअलचं दुखणं वेगळं असतं. समजा पान 12 वर पाइल बीमचा (टॉवेलच्या फासांचं सूत गुंडाळलेल्या रुळाचा) ताण लावण्याच्या पायऱ्या आहेत आणि मधे एक पायरी घालायची आहे. मजकूर चार ओळींनी खाली सरकतो. सुरुवातीच्या पेजमेकरमध्ये चित्र मजकुराला बांधलेलं नसायचं. मजकूर पुढच्या पानावर गेला तरी आकृती आपल्या जागीच. ओळीत रोवलेली चित्रं, अनुक्रमणिका आणि सूची 1990 च्या चौथ्या आवृत्तीत आली. पायऱ्यांचे आकडे तर नंतरही साधे टाइप केलेले अंकच राहिले. मधे सहावी पायरी घातली की जुनी सहावी आपोआप सातवी होत नाही, आणि ‘पायरी 9 पाहा’ असं जिथे जिथे लिहिलंय ते सगळं हातानं शोधायचं. एक राहून गेलं की जॉबर, म्हणजे लूमची देखभाल करणारा कारागीर, भलताच नट सैल करणार.

व्हेंचुरानं मजकूर आणि मांडणी वेगळी ठेवली. मजकूर वर्डस्टार किंवा साध्या टेक्स्ट फाइलीत, प्रत्येक परिच्छेदाच्या आधी @ चिन्ह, टॅगचं नाव आणि बरोबरचं चिन्ह. टॅगशिवायचा परिच्छेद म्हणजे बॉडी टेक्स्ट. त्या टॅगचा अक्षराकार, समास हे सगळं एसटीवाय फाइलीत; पायऱ्यांचे आकडेही टॅगवरूनच पडायचे. सीएचपी म्हणजे एक प्रकरण; त्यात मजकूर नसतोच, कोणती फाइल कुठून आणायची त्याचे पत्ते असतात. सीएपीत चित्रांखालच्या ओळी आणि चौकटीतला मजकूर, व्हीजीआरमध्ये व्हेंचुरातच काढलेल्या रेषा-बाण. डॉसच्या 640 केबीत अख्खं मॅन्युअल मावत नसे, म्हणून प्रकरणं पाडायची आणि ती पीयूबी फाइलीत ओवायची.

ही कल्पना व्हेंचुराची स्वतःची नव्हे. युनिक्स प्रणालीवरचं ट्रॉफ हे पानं लावायचं सॉफ्टवेअर 1970 च्या दशकातलं. त्याच्या जोडीला तक्त्यांना टीबीएल, समीकरणांना ईक्यूएन. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी टेक हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर 1977 ला हाती घेतलं, कारण स्वतःच्या पुस्तकाची प्रुफं पाहून ते वैतागले होते. इंटरलीफ हे याच जातीचं सॉफ्टवेअर मोठ्या वर्कस्टेशनवर चालायचं, तुमच्या-माझ्या खिशाबाहेरचं. लांबलचक मॅन्युअलसाठी सगळ्यात सरस निघालं ते फ्रेममेकर, आधी सन कंपनीच्या यंत्रांवर. त्यात आकड्यांसाठी दोन टॅग करायचे: पहिल्या पायरीचा, जो 1 पासून सुरू करतो, आणि पुढच्या पायऱ्यांचा, जो एकेक वाढवतो. पहिला लावायला विसरलात की नव्या कामाची पहिली पायरी 14 नंबरची होते. नवशिका हमखास इथेच अडकतो.

आता तुमच्या फ्लॉप्या. साडेतीन इंची असतील तर कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे त्यावर काही लिहिलं जाणार नाही. सव्वापाच इंची असतील तर उलट, बाजूची खाच चिकटपट्टीनं झाका. मग सगळ्या फाइली जशाच्या तशा उतरवा.

सीएचपी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. मजकुराच्या आणि चित्रांच्या फाइलींची नावं पत्त्यासकट दिसतील. ती सगळी फ्लॉप्यांवर आहेत का ते ताडून पाहा. इथेच घोळ निघतो. व्हेंचुरामध्ये मल्टी-चॅप्टर मेनूतला कॉपी ऑल वापरायला हवा होता, तो पत्तेही बदलून द्यायचा. लोक डॉसच्या कॉपी कमांडनं नुसती सीएचपी उचलायचे आणि मजकूर हार्डडिस्कवरच राहायचा.

मजकुराच्या फाइलीत प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर विचित्र चिन्हासारखं दिसत असेल तर फाइल खराब नाही, ती वर्डस्टारची आहे. वर्डस्टार त्या अक्षराच्या कोडमध्ये 128 मिळवायचं. 127 च्या वरच्या कोडमधून 128 वजा करणारी चार ओळींची स्क्रिप्ट कुणीही लिहून देईल.

मग @ चे टॅग लिबरऑफिसच्या रायटर किंवा टेकवर बेतलेल्या लाटेकमधल्या शैलींना जोडा. मराठी आवृत्तीही करणार असाल तर डीटीपीवाल्याला पहिल्याच दिवशी सांगा, युनिकोडच हवं. जुन्या श्रीलिपी किंवा आकृती फॉन्टात टाइप केलेलं पेजमेकरचं काम छापायला सुंदर, पण शोधता येत नाही आणि फॉन्ट गेला की अगम्य. आणि पेजमेकरच्या फाइली त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या सीएस6 पर्यंतच्याच आवृत्त्या उघडतात, हेही लक्षात असू द्या.

एक काळजी घ्या. कोनी कंसातला (< >) सगळा मजकूर फाइंड-रिप्लेसनं एका झटक्यात उडवायचा मोह होईल, कारण त्यात ठळक-तिरक्याच्या खुणा असतात. त्याच कंसात अंश (डिग्री), अधिक-उणे ही चिन्हंही आकड्यांच्या कोडनं असतात, आणि डॉलर-आय असलेली सूचीची नोंद, डॉलर-एफ असलेली तळटीपही. ती उडाली तर ‘0.5 अधिक-उणे 0.05 मिमी’चं ‘0.5 0.05 मिमी’ होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आधी कंसांतल्या वेगवेगळ्या कोडची यादी काढा, एकेकाचा अर्थ छापील प्रतीवरून ठरवा, मगच बदला. छापील प्रत नसेल तर मापांची पानं लूमवर हात बसलेल्या जुन्या जॉबरकडून तपासून घ्या.