बाजारात तुरी, यादीत पहिला नंबर

तुमची पोस्ट दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं, पण तुम्हाला नाही, आठ वर्षांपूर्वीच्या मला. रेडिओवर आठवड्याला एक तास जॅझचा कार्यक्रम, केंद्राने मागितलेली ‘निवेदकांचे वर्षातले आवडते दहा अल्बम’ ही यादी, गुरुवारची मुदत. आणि पहिल्या नंबरावर ठेवावासा वाटणारा अल्बम अजून बाहेरच आलेला नाही. अल्बम काढणाऱ्या कंपनीने फाइल्स ऑक्टोबरातच पाठवल्यात, पण तारीख विचारली की कुणी छातीठोकपणे बोलत नाही. तुम्ही विचारलंय, “तरी टाकू का?”

नका टाकू. एवढंच उत्तर हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. पुढे मी माझीच खपली काढणार आहे.

तेव्हा मलाही असाच एका चौकडीचा अल्बम आला होता. नाव सांगत नाही, वादकांचा त्यात काडीचाही दोष नव्हता. सोबतच्या पत्रात डिसेंबरचा पहिला शुक्रवार लिहिला होता. महिनाभर मी दुसरं काही धड ऐकलंच नाही. चौथी रचना तर अशी होती, की बासवादक सुरुवातीला एकटा दोन मिनिटं वाजवतो आणि ड्रम कधी येऊन मिसळले ते कळतच नाही. यादीत पहिला नंबर दिला, सोबतच्या चार ओळींत त्या चौथ्या रचनेचंच कौतुक केलं आणि पाठवून दिली.

पाठवण्याआधी खात्री करावी एवढी अक्कल होती. म्हणून कंपनीच्या प्रसिद्धी विभागाला मेल केली. एकूण चार. पहिलीला यांत्रिक पोच आली. दुसरीला उत्तर आलं, “लवकरच आनंदाची बातमी देऊ.” तिसरीला एक फॉर्म आला: तुमचे श्रोते किती, वयोगट काय, समाजमाध्यमांवर किती जण मागे आहेत. तारीख विचारली होती हो मी, तारीख! चौथी मेल कुठे गेली ते त्यांनाच ठाऊक. मी मनाशी म्हटलं, पत्रात लिहिलंय ना, मग येणारच. इथे माझं चुकलं. त्या शुक्रवारी मी दोन रचना वाजवल्या आणि माइकवर सांगून टाकलं, “आजपासून सगळीकडे उपलब्ध.”

अल्बम आला फेब्रुवारीच्या शेवटी.

चार मेलना दाद न देणारा तोच विभाग कार्यक्रमानंतर चाळीस मिनिटांत जागा झाला. मेल मला नव्हती, थेट केंद्रप्रमुखांना होती, प्रत कायदा विभागाला. मुद्दा असा, की प्रकाशनापूर्वी प्रसारण करून मी एम्बार्गो, म्हणजे ठरल्या तारखेआधी न वाजवण्याची अट, मोडला. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात ती अट होतीच, त्यामुळे तोंड उघडायला जागा नव्हती. त्यांनी नुसतं मला नाही, सगळ्या केंद्राला आगाऊ फाइल्स पाठवायच्या यादीतून काढलं. आमचे ब्लूजवाले निवेदक त्याच कंपनीच्या फाइल्सवर अर्धा कार्यक्रम चालवायचे. ते माझ्याशी पुढचे चार महिने कामापुरतंही बोलले नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. एक श्रोते दर शनिवारी न चुकता फोन करायचे, “तुमचा पहिला नंबर आला का हो?” बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

खरा घाव तर फेब्रुवारीत बसला. अल्बम हातात आला, लावला, आणि चौथी रचना त्यात नव्हतीच. काढून टाकली होती, क्रमही बदलला होता. म्हणजे जिचं मी छापील कौतुक केलं ती रचना जगात माझ्याशिवाय आणि आणखी काही निवेदकांशिवाय कुणी ऐकणारच नव्हतं. पुढच्या वर्षीच्या यादीत तो अल्बम पुन्हा टाकायचा धीर झाला नाही. दोन वर्षांतला माझा सगळ्यात आवडता अल्बम, आणि अधिकृतपणे तो कुठल्याच वर्षाचा नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

तेव्हापासून माझा नियम: आगाऊ फाइल म्हणजे अल्बम नव्हे. यादी जाहीर होईल त्या दिवशी श्रोत्याला तो मिळवता येतो का, एवढंच बघायचं. मिळवता येतो म्हणजे ॲपवर सापडतो असं नाही. जॅझ संगीतकार मारिया श्नायडर यांचे अल्बम स्ट्रीमिंगवर शोधत बसलात तर हात हलवत परत याल. ‘कॉन्सर्ट इन द गार्डन’ 2004 मध्ये दुकानात न ठेवता फक्त इंटरनेटवरून विकला गेला आणि तरी त्याला ग्रॅमी मिळालं. 2020 चा ‘डेटा लॉर्ड्स’ही त्यांनी तसाच थेट श्रोत्यांना विकला. असा अल्बम बिनधास्त यादीत घ्या, फक्त कुठे मिळेल ते माइकवर सांगा. ‘शोधावा लागतो’ आणि ‘आलेलाच नाही’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

जाहीर झालेल्या तारखाही बदलतात, त्यामुळे जाहिरात दाखवून मला पटवू नका. पियानोवादक थेलोनियस मंक यांचा ‘पालो आल्टो’ घ्या. 1968 मध्ये एका हायस्कूलच्या सभागृहात झालेला कार्यक्रम. 2020 च्या जुलैअखेरची तारीख जाहीर झाली, लोकांनी लिहून ठेवली, आणि तो आला सप्टेंबरात. बावन्न वर्षं थांबलेल्यांना आणखी सात आठवडे जड गेले नसतील. पण असाच धक्का डिसेंबरातल्या अल्बमला बसला तर वर्षच बदलतं.

डिसेंबरवरून आठवलं. तुम्ही पोस्टमध्ये जाता जाता म्हटलंय, की “वर्ष कुठून कुठे धरायचं हाही घोळ आहे.” तो घोळ जाता जाता सोडवण्यातला नाही, सगळ्यात आधी मिटवा. बहुतेक याद्या नोव्हेंबरअखेर नाहीतर डिसेंबरच्या सुरुवातीला ठरतात, आणि डिसेंबरात आलेलं संगीत दोन्हीकडून उपाशी राहतं. पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांचा ‘टाइम आउट’ 14 डिसेंबर 1959 ला आला. आजच्या पद्धतीने त्या वर्षीच्या किती याद्यांत बसला असता? त्यातली, त्यांचे सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंड यांची पाच मात्रांची ‘टेक फाइव्ह’ लोकांच्या तोंडी बसली ती 1961 मध्ये. मी माझं वर्ष डिसेंबर ते नोव्हेंबर धरते आणि कार्यक्रमात तसं सांगते. ग्रॅमीचं वर्षसुद्धा जानेवारीत सुरू होत नाही, मग आपण कशाला लाजायचं? तुमच्या केंद्राने कॅलेंडर वर्षच हवं म्हटलं तर गोष्ट वेगळी, तिथे माझं ऐकू नका.

आता जुनी ध्वनिमुद्रणं. यावर माझं मत जरा कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. दिवंगत सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन यांचा ‘बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स’ मार्च 1963 मध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि आला 2018 मध्ये. मंक आणि कोलट्रेन यांचा कार्नेगी हॉलमधला कार्यक्रम 1957 चा, टेप लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली 2005 मध्ये आणि त्याच वर्षी अल्बम निघाला. ऐकायला स्वर्ग, वादच नाही. पण आज तिशीतल्या एखाद्या सॅक्सोफोनवादिकेने स्वतः पैसे उभे करून काढलेला पहिला अल्बम कोलट्रेनशी एकाच रांगेत उभा करायचा, यात कसला न्याय? नवव्या-दहाव्या जागेवरून जो ढकलला जातो तो नेहमी जिवंत माणूस असतो. जॅझ समीक्षक फ्रान्सिस डेव्हिस यांनी 2006 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात सुरू केलेल्या समीक्षकांच्या कौलात नवे अल्बम वेगळे आणि पुनर्प्रकाशित किंवा जुन्या टेपमधून काढलेले वेगळे मागतात. मीही तेच करते: दहा नवे, शिवाय तीन जुने. केंद्राने दहाच जागा दिल्या तर तीन जुने फक्त कार्यक्रमात वाजवते.

मधले काही अल्बम मात्र डोकं खातात. ट्रम्पेटवादक जेमी ब्रँच ऑगस्ट 2022 मध्ये गेली आणि तिचा शेवटचा अल्बम ऑगस्ट 2023 मध्ये आला. हा जुना का? माझ्या मते अजिबात नाही, ते तिचं चालू काम होतं, हातात होतं ते पुरं केलं गेलं. गिटारवादक मेरी हॅल्व्हरसनने 2022 च्या मे महिन्यात ‘अमरिलिस’ आणि ‘बेलाडोना’ एकाच दिवशी काढले, तेव्हा मी दोन्ही एकाच जागेवर टाकून मोकळी झाले. कुणी तक्रार केली नाही. नियमाप्रमाणे बहुधा चूक असेल.

तारखा तपासताना स्ट्रीमिंग ॲपवर भिस्त ठेवू नका. तिथे कधीकधी पुन्हा चढवल्याची तारीखच प्रकाशनाची म्हणून दिसते आणि वीस वर्षं जुना अल्बम या वर्षीचा होऊन बसतो. कव्हरवर वर्तुळातला ‘पी’ असतो, त्यापुढचं वर्ष म्हणजे ते ध्वनिमुद्रण पहिल्यांदा प्रकाशित झाल्याचं. वर्तुळातला ‘सी’ वेगळा, तो कव्हरच्या चित्राचा, मजकुराचा. दोन वर्षं वेगळी दिसली की शंका घ्यायची. हा काही कायद्याचा सल्ला नाही, नुसती सवय आहे.

वर्षाची चूक कुणाच्या लक्षात येणार नाही असंही समजू नका. माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू यंत्राच्या वेगातल्या गडबडीमुळे किंचित चढ्या सुरात निघाली होती, आणि 1959 पासून 1992 पर्यंत ती दुरुस्त होऊन बाजारात आली नाही. तेहतीस वर्षं लोकांनी त्या चढ्या सुरावर प्रेम केलं. पण निवेदकाने वर्ष चुकीचं सांगितलं तर गाणं संपायच्या आत फोन वाजतो.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगते. रेडिओवाल्यांच्या याद्यांत एक खोट असते, माझ्याही. बातम्यांच्या आधी सहा मिनिटं उरली की आपण सहा मिनिटांची रचना लावतो, आणि जे वारंवार लावतो तेच वर्षअखेर आठवतं. ‘प्रॉमिसेस’ हा इलेक्ट्रॉनिक संगीतकार फ्लोटिंग पॉइंट्स, सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचा 2021 चा अल्बम घ्या: नऊ भाग, पण सलग शेहेचाळीस मिनिटं. कुठून तोडणार? सॅक्सोफोनवादक कमासी वॉशिंग्टनचा ‘द एपिक’ जवळजवळ तीन तासांचा. मी ‘प्रॉमिसेस’ वर्षभरात एकदाही पूर्ण वाजवू शकले नाही आणि तरी तो माझ्या पहिल्या तिनात होता. किती वेळा वाजलं हे मोजायला ‘जॅझवीक’सारखे तक्ते आहेत, त्यासाठी निवेदकाची आवड विचारायची गरज नाही. तुमच्या यादीतले दहाही अल्बम तुमच्या प्लेलिस्टमध्ये सगळ्यात जास्त वाजलेले असतील, तर यादी पुन्हा बघा एवढंच म्हणेन.

प्रसिद्धी विभागांबद्दल: सगळे वाईट नसतात. छोट्या लेबलवाल्या एक बाई मला तासाभरात उत्तर देतात आणि ड्रमवर कोण आहे हेही न विचारता सांगतात. पण मोठ्या ठिकाणी पत्राला उत्तर देणारा आणि तारीख ठरवणारा एक नसतोच, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून आता तिथे विचारतच नाही. वादकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघते, नाहीतर थेट वादकालाच लिहिते. बहुतेक जण आनंदाने उत्तर देतात. त्या चौकडीच्या बासवादकालाच तेव्हा दोन ओळी लिहिल्या असत्या तर अल्बम पुढे गेलाय हे नोव्हेंबरातच कळलं असतं. त्याने मला नंतर तसं सांगितलंसुद्धा. चौथी रचना का काढली तेही सांगितलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा गुरुवारच्या आत एवढं करा: बासवादक असो की ड्रमर, त्या अल्बममधल्या कुणाला तरी आज रात्री लिहा. उत्तर आलं नाही तर पहिली जागा तुमच्या यादीत आत्ता दुसऱ्या नंबरावर आहे त्याला द्या. तुमच्या पोस्टवरून तोही अल्बम तुम्ही निदान वीसदा ऐकलाय असं दिसतंय. ऑक्टोबरपासून हातात असलेला माल न वाजवता बसणं अवघड आहे, मला माहीत आहे, तरी पत्राच्या तळाची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय त्यातलं एक मिनिटही हवेवर जाऊ देऊ नका. आणि तुमच्या केंद्रावर कुणी ब्लूजवाले असतील तर त्यांच्या वतीने ही विनंती समजा.

अल्बमचं नाव इथे जरूर कळवा. पण आल्यावर.