क्वांटम किल्लीसाठी सिंगल फोटॉन सोर्स हवाच का?

आपण विचारले आहे की, बीबी८४ या, फोटॉनांच्या ध्रुवीकरणातून (प्रकाशलहरीच्या कंपनाच्या दिशेतून) गुप्त किल्ली पाठवण्याच्या पद्धतीच्या प्रकल्पासाठी खरा सिंगल फोटॉन सोर्स, म्हणजे एका वेळी एकच प्रकाशकण सोडणारे उपकरण, घ्यावा लागेल, की क्षीण केलेला लेझर चालेल. लेझर चालेल, मात्र डिकॉय स्पंद, म्हणजे मुद्दाम वेगळ्या तीव्रतेने सोडलेले प्रकाशाचे फसवे झोत, वापरावेच लागतील. प्रत्येक स्पंदात सरासरी ०.१ फोटॉन ठेवला, तर दर हजार स्पंदांत सुमारे ९०५ रिकामे जातात, ९० मध्ये एकच फोटॉन असतो आणि पाचेकांत दोन किंवा अधिक. घात या पाचांत आहे, कारण चोर त्यांतला एक फोटॉन स्वतःकडे ठेवून उरलेला पुढे सोडतो. तीव्रता मधूनमधून बदलून ही चोरी उघडी पाडण्याची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ ह्वांग यांनी २००३ मध्ये मांडली, आणि २०१६ मध्ये सोडलेल्या मिशियस या चिनी उपग्रहाने याच मार्गाने अवकाशातून किल्ली उतरवली.

आपला प्रश्न वाचून मला महाप्याच्या एमआयडीसीतील एक दुपार आठवली. तिथल्या एका लहान कंपनीत आम्ही चार ध्रुवीकरणांसाठी चार लेझर डायोड बसवले होते. क्वांटम डॉटचा (अतिसूक्ष्म अर्धवाहक कणाचा), उणे २६९ अंशांच्या आसपास थंड ठेवावा लागणारा सोर्स मागवला की सुरक्षेचा प्रश्न मिटेल, असे आमच्या प्रमुखांचे ठाम मत होते. मी प्रकाश क्षीण होण्याआधीच्या टोकाला फायबर जोडून चारही लेझरचे वर्णपट तपासले. सकाळी चारही शिखरे जवळजवळ एकावर एक होती. दुपारी तीनला चौथे शिखर ०.४ नॅनोमीटर उजवीकडे सरकलेले दिसले. त्या डायोडच्या धारकाला बोट लावले, तर तो इतरांपेक्षा स्पष्ट उबदार लागला, कारण पॉवर सप्लाय त्याला खेटून होता. १५५० नॅनोमीटरचा असा लेझर एक अंश तापला की तरंगलांबी साधारण ०.१ नॅनोमीटरने वाढते.

“मॅडम, अर्ध्या नॅनोमीटरने कोणाचे काय बिघडते?” सरांनी विचारले. बिघडते ते असे, की चोराला ध्रुवीकरणाला हातही लावावा लागत नाही. त्याने नुसता रंग ओळखला, की चौथा लेझर पेटला हे त्याला कळते, आणि आपल्याकडे, ज्यावरून एरवी चोरी कळते ते, किल्लीतील चुकांचे प्रमाण वाढत नसल्यामुळे आपण निश्चिंत राहतो. स्पंदात फोटॉन एकच असला, तरी त्याचा रंग वेगळा असेल तर तोही फितूरच. डिकॉय आणि मूळ स्पंद रंगाने किंवा वेळेने ओळखू येत असतील, तर डिकॉयचाही उपयोग उरत नाही. एकच लेझर ठेवून पुढे मॉड्युलेटर या विजेवर चालणाऱ्या भागाने ध्रुवीकरण बदलावे, असे मी सुचवले. बैठकीच्या इतिवृत्तात माझे निरीक्षण “किरकोळ” म्हणून नोंदले गेले. ते किरकोळ नव्हते, हे मी आजही तितक्याच ठामपणे सांगते.

एकापेक्षा अधिक लेझर वापरणे मुळातच चूक आहे, असे मात्र समजू नये. मिशियसच्या प्रक्षेपकात आठ होते, पण ते काटेकोरपणे जुळवलेले होते. सिंगल फोटॉन सोर्सवरील संशोधनही मी निरर्थक मानत नाही, आणि कोणत्याही उपकरणावर विश्वास न ठेवता सुरक्षा सिद्ध करायची असेल तर गुंतलेल्या (एन्टँगल्ड) कणांच्या जोड्या लागतातच. आपल्या प्रकल्पाला यांपैकी कशाचीही गरज दिसत नाही. आपल्या मार्गदर्शकांनी महागड्या सोर्सचा आग्रह धरला, तर आधी आहे त्या लेझरचे वर्णपट सकाळी आणि दुपारी असे दोनदा घ्या आणि दोन्ही आलेख त्यांच्यापुढे ठेवा.