लहान कंपनीचं फक्त ३०० नगांचं ब्राँझ डाइव्ह वॉच: घ्यावं का, आणि घेताना काय तपासावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परदेशातली एक छोटी कंपनी ब्राँझचं डाइव्ह वॉच (पाण्यात उतरताना घालायचं घड्याळ) काढते आहे. ४२ मिमी केस (घड्याळाचं धातूचं घर), ३०० मीटरपर्यंत पाणी अडवणारं, एनएच३५ मशीन, सॅफायर काच, ४८० डॉलर. पैसे आत्ता भरायचे, घड्याळ पाच महिन्यांनी. तुम्ही मुंबईत राहता, रोज लोकलने जाता, वर्षातून एकदा तारकर्लीला पाण्यात उतरता. घ्यावं का, आणि पुढे भाव वाढेल का?

भावाचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. वाढेल असं धरून घेऊ नका. ‘फक्त ३०० नग’ याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की कारखाना एका खेपेला निदान तेवढ्या केस केल्याशिवाय ऑर्डर घेत नाही. पुढच्या वर्षी तीच केस, निळ्याऐवजी हिरवी डायल, आणि पुन्हा ‘फक्त ३००’. पानेराई या नामांकित घड्याळ कंपनीने २०११ मध्ये सबमर्सिबल हे आपलं डाइव्ह वॉच पहिल्यांदा ब्राँझमध्ये, १,००० नगांत काढलं आणि त्याला पुढे चढा भाव मिळाला, हे खरं. पण तो भाव पानेराई या नावाला मिळाला. नगांची मर्यादा तुम्हाला जाणवेल ती सुटे भाग लागतील तेव्हा. त्याकडे पुढे येतो.

मशीनवर फार वेळ घालवू नका. एनएच३५ हे सीको समूहाचं, हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं मशीन आहे. तासाला २१,६०० ठोके, २४ ज्वेल (घर्षण कमी करणारे खडे), भरली चावी साधारण ४१ तास पुरते. कारखान्याची हमी दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंदांची आहे. प्रत्यक्षात बहुतेक नग त्याहून बरेच चांगले चालतात. बिघडलं तर दुरुस्तीपेक्षा आख्खं मशीन बदलणं स्वस्त पडतं. त्याला पर्याय असलेलं मियोटा ९०१५ हे मशीन जास्त पातळ (३.९ मिमी, एनएच३५ ५.३२ मिमी), म्हणून केसही पातळ करता येते. त्याचा रोटर (चावी भरणारं आतलं फिरतं वजन) एकाच दिशेने चावी देतो आणि उलट फिरताना घरघरतो, काहींना ते खटकतं. एक बारीक गोष्ट बघा: डायलवर तारीख नसेल तर मशीन एनएच३८ (याच घरातलं बिनतारखेचं) हवं. तारखेचं मशीन बिनतारखेच्या डायलखाली बसवलं असेल, तर चावी (बाजूची फिरवायची कळ) ओढताना मध्ये एक रिकामा टप्पा लागतो. म्हणजे कंपनीने हातात असेल ते मशीन घातलं. आणि ४८० डॉलरला एनएच३५ देत असतील, तर उरलेला पैसा केसमध्ये गेलेला दिसला पाहिजे.

आता केस. नुसतं ‘ब्राँझ’ लिहिलेलं चालवून घेऊ नका, मिश्रधातू कोणता ते ईमेलवर लेखी मागा. उत्तर साधारण दोनपैकी एक यायला हवं. पहिलं सीयूएसएन८, म्हणजे सुमारे ९२ टक्के तांबं, ८ टक्के कथिल आणि किंचित फॉस्फरस. हे लवकर काळवंडतं, खाऱ्या हवेत हिरवं होतं आणि त्याच मापाच्या स्टीलपेक्षा साधारण दहा टक्के जड भरतं. दुसरं अ‍ॅल्युमिनियम ब्राँझ. ते सावकाश आणि तपकिरी अंगाने रंग बदलतं, वजनाला स्टीलपेक्षा थोडं हलकं. ट्यूडर कंपनीने २०१६ च्या ब्लॅक बे ब्राँझ या घड्याळाला हेच वापरलं. अ‍ॅल्युमिनियम ब्राँझच्या काही जातींत पाचेक टक्के निकेल असतं. खोट्या दागिन्यांनी तुमची कातडी खाजत असेल, तर हा प्रश्न आधी विचारा. मुंबईच्या हवेत रोज वापरायला मी अ‍ॅल्युमिनियम ब्राँझ निवडेन. ज्याला हिरवं-काळं रूप हवंच आहे त्याने सीयूएसएन८ घ्यावं.

उत्तर टोलवाटोलवीचं आलं, ‘हाय ग्रेड मरीन ब्राँझ’ एवढंच, तर पितळेची शंका घ्या. पितळेत जस्त असतं. खाऱ्या पाण्यात ते जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे लालसर, सच्छिद्र तांबं उरतं. वरून आकार तसाच दिसतो, पण आटे आणि पिनांची भोकं ठिसूळ होतात. घड्याळ हातात आल्यावर तपासायचा सोपा मार्ग सराफाकडे आहे. सोनं तपासायचं एक्सआरएफ मशीन, ज्याला बाजारात कॅरेटमीटर म्हणतात, तांबं आणि जस्त दोन्ही दाखवतं. पट्टा काढून, जिथे लॅकर नाही अशा ठिकाणी, लगच्या (पट्टा अडकतो त्या केसच्या कानांच्या) आतल्या बाजूला बीम मारायला सांगा. हे मशीन वरचा अगदी पातळ थरच वाचतं, म्हणून ती जागा आधी स्वच्छ पुसा. जस्त तीसेक टक्के दाखवलं तर ते पितळ आहे, वाद संपला.

मागचं झाकण ब्राँझचं नको. तांबं घामाने मनगटावर हिरवा डाग पाडतं. अपाय काही नाही, साबणाने जातो, पण रोज कोण धूत बसणार. पानेराईने टायटॅनियमचं झाकण दिलं, ट्यूडरने स्टीलचं, वर ब्राँझच्या रंगाचा थर देऊन. छोट्या कंपनीने ‘फुल ब्राँझ’ म्हणून ब्राँझचं झाकण दिलं असेल, तर ती शान कागदावर ठीक आहे.

घड्याळ खरं कुठे जातं ते सांगतो, कारण दुकानात हे कोणी दाखवत नाही. झाकण आणि केस यांच्यामध्ये रबरी रिंग बसते. झाकण स्टीलचं असलं तरी रिंग ज्या जागेवर दाबून बसते ती केसची बाजू उघड्या ब्राँझची असते. घाम आणि मीठ बाहेरून आट्यांत शिरतं आणि रिंगच्या कडेपर्यंत पोचतं. तिथे हवा खेळत नाही, ओल टिकते, आणि न कल्हईच्या पितळेत दही कळकावं तसा तिथला धातू हिरवा पडतो. हा हिरवा थर रिंगखाली सरकला की रिंग एका बाजूने किंचित उचलली जाते. बाहेरून घड्याळ झकास दिसत असतं आणि ३०० मीटरचं घड्याळ स्विमिंग पूलमध्ये पाणी पितं. थर खरवडला तर खाली बारीक खड्डे निघतात, आणि खड्ड्यांवर कोणतीच रिंग नीट बसत नाही.

म्हणून कंपनीला दोन गोष्टी विचारा. रिंगची बैठक नुसती ब्राँझची आहे की केसच्या आत स्टीलची वाटी बसवली आहे? स्टीलची आतली वाटी असेल तर घड्याळाचं आयुष्यच बदलतं. आणि चावीची नळी कशाची आहे? स्क्रू होणारी चावी ज्या नळीवर फिरते ती स्टीलची आणि बदलता येणारी हवी. ब्राँझच्या चावीचे आटे ब्राँझच्याच नळीवर रोज घासले तर ते झिजतात, मग चावी शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात घसरते. नळी केसमध्येच कोरलेली असली तर त्यावर इलाज नाही. केस बदलायची, आणि ३०० नगांच्या केस संपलेल्या असतात.

बेझल (काचेभोवतीची फिरती कडी) हातात घेतल्याशिवाय कळत नाही, म्हणून आधी ज्यांच्याकडे त्याच कंपनीचं जुनं मॉडेल आहे त्यांचे व्हिडिओ बघा. पूर्ण फेऱ्याला १२० क्लिक, फिरवून सोडल्यावर मागे-पुढे हलता कामा नये, आणि १२ वरची खूण डायलच्या खुणेशी जुळली पाहिजे. अर्ध्या क्लिकने चुकलेली बेझल ही स्वस्त जुळणीची पहिली खूण. खाऱ्या पाण्यातून आल्यावर बेझल धुतली नाही तर तिच्याखाली मीठ आणि हिरवं साचून ती जाम होते. मग लोक चाकू घालून उचकटतात आणि मऊ धातूवर कायमचा व्रण पाडतात. तशी वेळ आली तर प्लास्टिकची किंवा लाकडाची पट्टी वापरा, चारी बाजूंनी थोडं थोडं उचला.

३०० मीटर हा आकडा तुम्हाला लागत नाही. मनोरंजनासाठी पाण्यात उतरणाऱ्यांची मर्यादा ४० मीटर धरतात, तारकर्लीत तर त्याहून खूपच कमी खोलीवर काम भागतं. २०० मीटरचं नीट तपासलेलं घड्याळ न तपासलेल्या ३०० पेक्षा चांगलं. हेलियम व्हॉल्व्हही (आत शिरलेला हेलियम वायू बाहेर सोडणारी झडप) नको. दिवसचे दिवस दाबाखालच्या खोलीत राहणाऱ्या व्यावसायिक पाणबुड्यांसाठी ती सोय आहे, आपल्याला केसला आणखी एक भोक. आयएसओ ६४२५ (डाइव्ह वॉचचं आंतरराष्ट्रीय मानक) लिहिलं असेल तर त्यात प्रत्येक नग सांगितलेल्या दाबाच्या १२५ टक्क्यांवर तपासायचा असतो, म्हणजे ३०० मीटरला (३० बार दाब) ३७.५ बार. ‘आमचं डिझाइन त्या मानकाला धरून आहे’ आणि ‘प्रत्येक नग त्या मानकाने तपासला’ यांत फरक आहे. दुसरं वाक्य लेखी मिळालं तरच मोजा.

घड्याळ आल्यावर पहिल्या आठवड्यात, परत पाठवायची मुदत असताना, हे करा.

चावी मोकळी करून पुन्हा बसवा. आधी उलटी फिरवायची, आट्याचा टक् असा बारीक धक्का लागला की मग सुलटी. दोन-तीन फेरे मऊ जायला हवेत. एखाद्या फेऱ्यात खरखर लागली तर जोर लावू नका, लगेच कळवा.

घड्याळवाल्याकडे टाइमग्राफर (घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) असेल तर पूर्ण चावी देऊन पाच स्थितींत लावून बघा. एनएच३५ ला लिफ्ट अँगल (त्या यंत्रात भरायचा, मशीनप्रमाणे बदलणारा कोन) ५३ अंश ठेवायला सांगा. टाइमग्राफर ५२ वर ठेवून दिलेला असतो आणि आकडे चुकतात. बीट एरर (‘टिक’ आणि ‘टॉक’ यांच्या वेळेतला फरक) १ मिलिसेकंदाच्या आत हवी. स्थिती-स्थितींत पंधरा-वीस सेकंदांचा फरक या मशीनला माफ आहे. अचानक दिवसाला मिनिटभर पुढे पळत असेल तर चुंबक लागलाय, तो काढणं दोन मिनिटांचं काम आहे.

पाण्याची चाचणी दुकानात करवून घ्या, पण आधी घरी ही करा. घड्याळ ४०–४५ अंशांच्या कोमट पृष्ठभागावर, गरम पाणी भरलेल्या स्टीलच्या डब्याच्या झाकणावर समजा, पंधरा मिनिटं पालथं न घालता ठेवा. मग काचेवर साध्या पाण्याचा एक थेंब टाका, मिनिटभराने पुसा. काचेच्या आतून धुकं दिसलं तर आत दमट हवा अडकली आहे किंवा कुठून तरी शिरते आहे. आयएसओच्या चाचणीची पद्धत अशीच असते. धुकं दिसलेलं घड्याळ पाण्यात घालू नका.

पैशांचं. कंपनीच्या वेबसाइटवर खऱ्या नगाचे फोटो आहेत की संगणकावर केलेली चित्रं, ते बघा. प्रत्येक फोटोत काटे हुबेहूब एकाच जागी आणि काचेत कशाचंच प्रतिबिंब नाही, तर अजून घड्याळ बनलेलंच नाही. निदान एक नमुना नग कोणा तिऱ्हाइताच्या हातात गेलेला असला पाहिजे. ४८० डॉलरवर कस्टम ड्युटी, आयजीएसटी आणि कुरिअरचं क्लिअरन्स शुल्क धरा आणि मगच इथल्या घड्याळांशी तुलना करा. वॉरंटीत परत पाठवायची वेळ आली तर बाहेर जाताना ‘दुरुस्तीसाठी पाठवून परत आणणे’ अशी कागदपत्रं करायची, नाहीतर येताना पुन्हा ड्युटी लागू शकते. पैसे क्रेडिट कार्डाने भरा आणि डिलिव्हरीला पाच महिने असताना चार्जबॅकची (बँकेमार्फत पैसे परत मिळवण्याची) मुदत कधीपासून मोजतात ते बँकेला आधी विचारून घ्या.

ऑर्डर देतानाच सुटे भाग मागा: मागच्या झाकणाची रिंग दोन नग, चावी नळीसकट एक, बेझलचा वरचा चकता एक. रिंगचा व्यास आणि जाडी मिमीमध्ये लिहून घ्या. पुढे कंपनी राहिली नाही तरी मापाची रिंग बाजारात मिळते, बाकीचं मिळत नाही. विकायला नकार दिला किंवा ‘नंतर बघू’ म्हणाले, तर मी तिथेच थांबेन, डायल कितीही आवडली असली तरी.

वापरताना: पाण्यातून आलात की गोड्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा, चावी बंद ठेवून बेझल पाण्यातच दोन फेरे फिरवा, पुसा. पावसाळ्यात कपाटात ठेवाल तर कातडी पट्टा काढून ठेवा, ओल पट्ट्यात राहते आणि लगच्या आतून हिरवं धरतं. रंग गडद होणं, वर सारखा तपकिरी-हिरवा थर येणं हे चांगलं, तो थर खालचा धातू सांभाळतो. मात्र फिकट हिरव्या भुकटीचे टिपके दिसले, नखाने निघाले आणि दोन दिवसांत त्याच जागी परत आले, तर ते मिठातल्या क्लोराइडचं काम आहे आणि ओल मिळाली की आत खात जातं. तिथे लाकडी काडीने साफ करून, डिस्टिल्ड पाण्यात वारंवार धुऊन पूर्ण कोरडं करायचं. पितळेची भांडी घासायची पावडर लावू नका, ती ब्रश फिनिशच घासून टाकते. चिंच किंवा लिंबाने एकसारखं चकाकतं, पण नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारून धुवा, आणि हे सगळं चावी व बेझलच्या फटीपासून लांब.

दर वर्षी पाण्यात उतरायच्या आधी झाकण उघडून रिंगची बैठक बघायला सांगा. घड्याळवाला नुसती नवीन रिंग टाकून ग्रीस लावत असेल तर त्याला थांबवा. आधी खोबणी लाकडी काडीने साफ, भिंगाखाली खड्डे आहेत का ते बघणं, मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, मग रिंग, आणि शेवटी दाबाची चाचणी, निदान १० बारवर.